डिझेल जीप सुरू होत नाही तेव्हा
डिझेल जीप सुरू होत नसेल, तर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून दोषाचा पहिला अंदाज येतो. नुसते ‘टक टक’ होऊन दिवे मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीत असतो. पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज इंजिन बंद असताना सुमारे १२.६ भरते, ते १२ च्या खाली गेले असेल, तर बॅटरी उतरलेली असते. खडबडीत वाटेवर हादऱ्यांनी टर्मिनल सैल होतात. ती आधी घासून आवळावीत.

स्टार्टर इंजिन जोमाने फिरवतो, पण ते चालू होत नाही, तेव्हा सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नसेल, तर बहुधा डिझेलच पोहोचत नाही: टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला किंवा नळीत हवा. फिल्टरवर हातपंप असल्यास तो कडक लागेपर्यंत दाबावा. पांढरा धूर आला, तर डिझेल पोहोचते पण नीट जळत नाही. थंडीत अशा वेळी ग्लो प्लग तपासतात.

ओढा ओलांडताना इंजिन बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी एअर फिल्टर उघडावा. तो ओला असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ओढून गॅरेजला न्यावी.