दोनशे तास आणि गहाण पडलेला फ्लॅट

बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की तारण द्यावं लागतं. परदेशात वैमानिक होण्याचा खर्च साधारण पन्नास-साठ लाखांच्या घरातच सुरू होतो. त्यामुळे मीरा रोडला, शांतीनगरात किंवा पूनम सागरमध्ये, आईवडिलांनी हप्ते फेडून नुकता मोकळा केलेला फ्लॅट पुन्हा बँकेकडे जातो. साठ लाखांवर अकरा टक्के व्याज धरलं तर महिन्याला पंचावन्न हजार होतात. विमानशाळेची निवड या आकड्यापासून सुरू करावी. मुलगी तिकडे विमान मिळायची वाट बघत बसली, तरी इकडे हे पंचावन्न हजार चढतच राहतात.

घरातली चर्चा मात्र देशावरून सुरू होते. अमेरिका की न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका की फिलिपिन्स? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. भारतीय कंपनीचं विमान उडवायचं, तर शेवटी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा कमर्शियल परवाना लागतो. परदेशातला परवाना हा वाटेवरचा टप्पा आहे. तेव्हा हिशेब शेवटाकडून उलटा मांडायचा.

डीजीसीएला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, पायलट इन कमांड म्हणून, केलेले हवेत. एक किमान ३०० सागरी मैलांचा प्रवास हवा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचं उड्डाण हवं. बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विसंबून केलेलं १० तासांचं उड्डाण हवं, आणि त्यात सिम्युलेटरचे पाचाहून जास्त तास चालत नाहीत. आता अमेरिकेकडे बघा. तिथे ‘पार्ट १४१’ या नियमाखालच्या मान्यताप्राप्त शाळेत १९० तासांतही कमर्शियल परवाना मिळतो. मुलाच्या हातात अमेरिकेचा परवाना असतो, घरी पेढे वाटले जातात, आणि भारताच्या हिशेबात दहा तास कमी भरतात. प्रमुख म्हणून केलेले तास त्याहून अधिक कमी भरू शकतात. तिथे खर्च वाचवायला दोन विद्यार्थी एकाच विमानात बसतात. एक उडवतो, दुसरा बाहेर नजर ठेवतो, आणि काही वेळा दोघेही ते तास आपापल्या लॉगबुकात लिहितात. असे तास भारतात धरले जातील, हे गृहीत धरू नये. शाळेकडून अभ्यासक्रमाचा तक्ता मागवून तो डीजीसीएच्या अटींशी ओळीने ताडून बघावा. ज्या शाळेने भारतीय मुलं शिकवली आहेत, तिला ही मागणी नवीन नसते.

त्याच्याही आधी दोन कामं इथेच उरकावीत. पहिलं वैद्यकीय तपासणीचं: आधी क्लास टू, मग क्लास वन. रंगांधळेपणासारखी गोष्ट शाळेची आगाऊ रक्कम भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. दुसरं डीजीसीएच्या लेखी परीक्षांचं: नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाचं तंत्र. प्रत्येकात सत्तर टक्के लागतात. मुंबईत ग्राउंड क्लास लावून काही महिन्यांत हे पेपर देता येतात. ज्याला इथे हवामानाचा पेपर सुटत नाही, त्याला तो फ्लोरिडात सुटेल असं मानायला काही आधार नाही. शिवाय घर गहाण टाकण्याआधी मुलाची ही आवड सहा महिने टिकते का, तेही कळतं.

आता शाळा. सगळ्या शाळांच्या जाहिरातीत विमानांचे फोटो असतात. किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत, हे कुठेच नसतं. अमेरिकेत यात एक वेगळाच पेच आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून तिथल्या प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारण १५०० तास लागू लागले. हे तास जमवायचे कसे? बहुतेक नवे वैमानिक विमानशाळेत शिकवायला लागतात. म्हणजे आपल्या मुलाचा इन्स्ट्रक्टर हा अनेकदा त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, स्वतःचे तास मोजणारा तरुण असतो. पंधराशे भरले की तो निघाला. कंपन्यांची भरती जोरात असते तेव्हा शाळेतले इन्स्ट्रक्टर भराभर बदलतात, प्रत्येक नवा माणूस आधीचा धडा पुन्हा तपासून घेतो आणि त्या तासाचे पैसे विद्यार्थी भरतो. परीक्षा घेणारे अधिकृत परीक्षक कमी असले की चेकराइडची, म्हणजे उड्डाण-परीक्षेची, तारीख आठवडेच्या आठवडे पुढे जाते. तोवर हात बसलेला राहावा म्हणून पुन्हा उड्डाणं करावी लागतात. शाळेने सांगितलेली फी आणि प्रत्यक्षातलं बिल यांत फरक पडतो तो मुख्यतः इथेच. म्हणून अमेरिकेतल्या शाळेला विचारायचं ते असं: तुमचे इन्स्ट्रक्टर सरासरी किती महिने टिकतात, आणि परीक्षक शाळेचा स्वतःचा आहे की बाहेरचा?

व्हिसाचंही तसंच. विमानशाळांसाठीचा एम-१ व्हिसा मुळात एका वर्षापर्यंतचा असतो आणि त्यावर शिक्षणानंतर काम करण्याची मुभा फारच थोडी मिळते. ‘तिकडेच इन्स्ट्रक्टर होऊन तास भरा’ असं एजंट सांगत असेल, तर कोणत्या व्हिसावर, हे लेखी मागावं. मीरा रोडकरांना फोनवरून पैसे उकळण्याची कला नवीन नसावी. २०१६ मध्ये अमेरिकी करअधिकारी असल्याचं भासवणारी बनावट कॉल सेंटर पोलिसांनी याच गावात पकडली होती. एजंटचा फोन उलट्या दिशेने येतो, एवढाच काय तो फरक.

ठिकाणांच्या हवामानाचं थोडक्यात. ॲरिझोनात आकाश बहुतेक वर्षभर मोकळं, पण उन्हाळा भाजून काढणारा. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाटी ढग. फिलिपिन्स स्वस्त, पण वादळांच्या वाटेवर. न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलटे, आणि वारा हा तिथला कायमचा विषय.

पैसे एकदम भरू नयेत, हे मात्र सविस्तर सांगायला हवं. २००८ च्या फेब्रुवारीत लास व्हेगासची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही प्रशिक्षण संस्था एका रविवारी बंद झाली. अनेक विद्यार्थ्यांनी कर्ज काढून आगाऊ भरलेली फी अडकली. ब्रिटनमधली जुनी कॅबएअर २०१२ मध्ये बुडाली, स्कॉटलंडमधल्या डंडीची टेसाइड एव्हिएशन २०२३ मध्ये. विमानशाळा हा कमी नफ्याचा धंदा आहे. विमानं बहुधा भाड्याची किंवा कर्जावरची असतात, इंधनाचा भाव हातात नसतो, आणि आगाऊ फी हेच अनेकांचं खेळतं भांडवल असतं. मोठी सवलत देऊन पूर्ण फी आधी मागणारी शाळा मला म्हणूनच खटकते. उडाल त्याप्रमाणे भरा, किंवा टप्प्याटप्प्याने, एवढी अट करारात असावी. तासाच्या दरात इंधन धरलंय का आणि वेळ विमानाच्या कोणत्या घड्याळावर मोजणार, हेही त्यात यावं.

मग इथेच का शिकू नये? मीरा रोडच्याच पश्चिम रेल्वे मार्गावर दोन्ही उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये छोट्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी बोरिवलीची आरोही पंडित बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकली. कांदिवलीच्या चारकोपला गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव उडायला शिकले ते अमेरिकेत. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या त्याच बॉम्बे क्लबच्या शिक्षणावर जेआरडी टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला परवाना मिळवला. आज क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला चालतं. गोंदियाला राष्ट्रीय संस्था आहे, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिकांची प्रबोधिनी २०२४ मध्ये जाहीर केली. अडचण वेगळीच: आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने उड्डाणं रखडतात, आणि विमानं-इन्स्ट्रक्टर यांची चणचण असते. बारामतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. डीजीसीएने २०२५ मध्ये संस्थांची पहिली क्रमवारी लावली, तेव्हा सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती. महिन्याला वीस तास उडायला मिळाले तर दोनशे तास दहा महिन्यांत होतात. दहा तास मिळाले तर वीस महिन्यांत. भारत आणि परदेश यांतली तुलना या एका ओळीवर करावी. बाकी गोष्टी त्यानंतर.

परतल्यावरही काम उरतं. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक उघडकीला आल्यापासून कागदांकडे संशयाने पाहिलं जातं. परदेशी परवाना खरा आहे की नाही, हे डीजीसीए त्या देशाकडून तपासून घेतं. त्यात वेळ गेला आणि मधल्या काळात मुलगा उडलाच नाही, तर अलीकडच्या उड्डाणांची अट भरायला इथे पुन्हा पैसे देऊन उडावं लागतं. त्यावर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता. तिला आणखी बरेच लाख. आणि रांग छोटी नाही: डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ कमर्शियल परवाने दिले. म्हणून कर्जाचा अर्ज करताना परवान्याच्या तारखेनंतरचं किमान एक वर्ष बिनपगारी धरावं. कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम ही रांग थोडी चुकवतात, पण त्यांचा खर्च कोटीच्या आसपास जातो आणि निवड कडक असते.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी शाळेला एकच ईमेल करावा: भारतात परवाना बदलून घेतलेल्या तुमच्या शेवटच्या दहा विद्यार्थ्यांचं पहिलं उड्डाण कधी झालं आणि शेवटची चेकराइड कधी? नावं नकोत, फक्त तारखा. चांगल्या शाळेकडे त्या तयार असतात. उत्तराऐवजी एजंटचा फोन आला, तर पुढच्या शाळेला तोच ईमेल पाठवावा.