खरे ते आपले

विज्ञानकथा म्हटली, की अंतराळयाने, यंत्रमानव आणि परग्रहावरील विलक्षण प्राणी डोळ्यांपुढे येतात. परंतु हा तिचा केवळ बाह्य वेष होय. उत्तम विज्ञानकथा आपल्याला दूरच्या जगात नेते, ती आपलेच जग नीट दिसावे म्हणून. ज्या समजुती आपण विचार न करता खऱ्या मानतो, त्या ती कसोटीला लावते.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची १९०४ साली प्रसिद्ध झालेली एक कथा अशीच आहे. दक्षिण अमेरिकेतील उंच पर्वतांमधील एका दरीत पिढ्यान् पिढ्या सर्व लोक आंधळे आहेत. 'पाहणे' हा शब्दही त्यांच्या भाषेत उरलेला नाही. एक डोळस वाटाड्या कड्यावरून घसरून तेथे येतो. आपण येथे सहज राजा होऊ, असे त्याला वाटते. घडते मात्र उलटेच! तो दृष्टीविषयी बोलू लागला, की लोक त्याला वेड्यात काढतात. अखेर तेथील वैद्य सांगतो, की याचे डोळे काढून टाकले म्हणजे हा इतरांसारखा शहाणा होईल. तेव्हा तो दरी सोडून पर्वताची वाट धरतो. दरीतील माणसे दुष्ट नव्हती. आपल्याहून निराळे काही असू शकते, हेच त्यांना पटत नव्हते.

पूर्वग्रह जसा निराळ्या माणसाच्या विरुद्ध असतो, तसा मोठ्या नावाच्या बाजूनेही असतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने ती पाठविली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ते नावाला नव्हे, कथेला मिळाले. पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच विज्ञानकथाकाराला लाभले. 'आपले ते खरे' असे न म्हणता 'खरे ते आपले' म्हणावे, ही विज्ञानाची शिकवण त्यांनी कथेतही जपली.

अशी कथा आपल्या अंगणातही घडू शकेल. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे घराला कुलूप लावून दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. बरोबर मुलेही जातात आणि कित्येकांची शाळा तुटते. 'हे असेच चालायचे,' असे मोठी माणसे म्हणतात. समजा, त्या वेळी परग्रहावरचा एखादा पाहुणा गावात उतरला आणि त्याने विचारले, "कोयता धरणाऱ्याच्या मुलाने कोयताच धरावा, हे कोणी ठरविले?" त्याला काय उत्तर द्यावे?

त्या उत्तराचा शोध घेताना एक नवी कथा जन्माला येईल. कदाचित एक नवी वाटही सापडेल.