नागपूरकर कॉफीप्रेमींनो, बस्तरची कॉफी चाखलीत का? ☕

गडचिरोलीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यात दरभा आहे. 25 मे 2013 च्या झीरम घाटीतल्या नक्षली हल्ल्यामुळे हा भाग देशभर चर्चेत आला. त्याच दरभ्यात 2017 पासून जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाच्या पुढाकाराने कॉफी रुजते आहे. आदिवासी शेतकरी झाडांच्या सावलीत अरेबिका आणि रोबस्टा पिकवतात.

लागवडीनंतर पहिलं पीक हाती यायला तीन-चार वर्षं जातात. एवढा धीर धरणाऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळायलाच हवं.

आपण काय करू शकतो?
✅ पाकिटावर बस्तरचं नाव आणि भाजल्याची तारीख बघा.
✅ शक्यतो शेतकरी गटाकडूनच घ्या.
✅ आवडली तर दरमहा मागवा. नियमित मागणी असेल तरच छोटा शेतकरी या पिकावर टिकेल.

#बस्तरकॉफी #नागपूर