फोर बाय फोर रुतते कशी?

जुलै १९४०. फ्रान्स पडून महिनाही झाला नव्हता. अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना कळवलं: चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशी टेहळणीची छोटी गाडी हवी, वजन १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. पुढे आल्या दोनच. त्यांतल्या डबघाईला आलेल्या अमेरिकन बँटमने कार्ल प्रॉब्स्टला बोलावलं, त्याने दोनेक दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला गाडी हॉलाबर्डच्या लष्करी तळावर हजर झाली. वजनाची अट कुणालाच पाळता आली नाही. लष्करानेच ती २१६० पौंडांवर नेली. दुसरी कंपनी विलीज. तिचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सर्वांत ताकदवान, पण गाडी जड. अभियंता बार्नी रूसने इंजिनाला हात न लावता बोल्टांची जादा लांबी छाटली, रंगाचा थरसुद्धा पातळ केला. मोठं कंत्राट विलीज आणि मागाहून उतरलेल्या फोर्डने नेलं. बँटमच्या वाट्याला पुढे ट्रेलर आले. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडली ती याच विलीजची जीप, आजच्या ‘थार’चं मूळ.

या जीपची खरी मर्यादा डिफरन्शियलमध्ये होती. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरांची जुळणी. पण साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य. पुढचं डावं आणि मागचं उजवं अधांतरी गेलं की फोर बाय फोरची मिजास संपली. ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधते, डाव्या-उजव्याचं भांडण तसंच राहतं. ते मिटवायला डिफरन्शियल लॉक लागतं. आणि पुढच्या-मागच्या शाफ्टची ही बांधलेली जोडी कोरड्या डांबरावर वळवली तर घसरायला वाव नसल्याने गिअरांवर ताण साठतो. ऐटीत रस्त्यावर फोर बाय फोर लावून फिरणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

चिखलात गाडी रुतते ती बहुतेकदा उजव्या पायामुळे. चाक गरगरलं की टायरच्या खाचा चिखलाने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि स्वतःखाली खड्डा खणत जातो. शेवटी चासी जमिनीवर टेकते. चाकांवर भारच उरत नाही, तर पकड कुठून येणार? लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जोरदार गिअरमध्ये, संथ, एकसारख्या वेगाने जावं. टायरमधली हवा कमी केली की जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो. वाळूत तर हाच पहिला इलाज (डांबरावर परतताना हवा भरायची, हे बरेच जण विसरतात).

नदीत घातलेल्या गाड्यांचे व्हिडिओ मला मूर्खपणाचे वाटतात. २०२०च्या थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर, पण ओढ असलेलं पाणी त्याहून कमी खोलीतही गाडी ढकलतं. इंजिनाने पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

रुतलेली गाडी बाहेर काढताना तर आणखी जपावं. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला पट्टा अडकवून झटका दिला, तर गोळा तुटून गोळीसारखा सुटतो. याने माणसं मेली आहेत. पट्टा चासीला जोडलेल्या हुकालाच लावायचा, आणि बघ्यांना लांब पिटाळायचं.