स्वयंचलित कामगंध सापळा : आज्ञा पोहोचली, पण पट्टी सरकली का?

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रतिसापळा सरासरी 8 पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, असे मानले जाते. स्वयंचलित सापळ्यात पतंगांची मोजणी कॅमेऱ्याच्या छायाचित्रावरून होते, तर चिकट पट्टी रोज पुढे सरकवण्याचे काम स्टेपर मोटर करते.

नियंत्रक सिरीयल तारेवरून मोटरच्या ड्राइव्हला क्रमाने आज्ञा पाठवतो : वेग ठरव, इतकी पावले चाल, थांब. 1.8 अंशांच्या मोटरला एका फेरीसाठी 200 पावले लागतात. ड्राइव्हकडून येणारे ‘ओके’ हे उत्तर बहुधा आज्ञा मिळाल्याची केवळ पोच असते. धुळीमुळे पट्टी अडकल्यास साधी स्टेपर मोटर पावले चुकवते आणि नियंत्रकाला ते कळत नाही. परिणामी कालचेच पतंग आज पुन्हा मोजले जातात आणि अनावश्यक फवारणी होते.

सर्व्हो मोटरचा एनकोडर मोटर प्रत्यक्षात किती फिरली हे कळवतो. परंतु रुळावरून घसरलेली पट्टी त्यालाही दिसत नाही. म्हणून पट्टीवर समान अंतराने क्रमांक असावेत व ते छायाचित्रात दिसावेत. विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी तिन्ही दिवसांचे क्रमांक अवश्य पडताळावेत.