मे महिन्यात भीमेचा मासा गळाला का लागत नाही?

गाणगापूर : दिवाळीच्या आसपास भीमेच्या ज्या काठावर तासाभरात दोन-तीन मासे सहज लागतात, त्याच काठावर मे महिन्यात सकाळपासून दुपारपर्यंत बसलं तरी थर्माकोलचा बूच हलत नाही. मग ‘नदीत मासाच राहिला नाही’ असं म्हणून लोक गळ गुंडाळतात. मासा कमी झालाय हे काही अंशी खरंच आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण उन्हाळ्यात गळ रिकामा येण्याचं पहिलं कारण वेगळं आहे. मासा पाण्यात असतो, फक्त खात नसतो. आणि खातो तेव्हा आपण तिथे नसतो.

सध्या तरुण पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या ‘बास’ माशाचे व्हिडिओ बघून रीळ, रॉड, रबरी बेडूक मागवतात. बास हा उत्तर अमेरिकेतला मासा, भीमेत तो नाही. तिकडेही उन्हाळ्यात तो मंदावतो, सावलीत किंवा खोल पाण्यात जातो. तिथला सल्ला इथे निम्माच लागू पडतो, कारण आपली नदी वेगळी आणि आपले मासेही वेगळे.

पाणी गरम, श्वास कमी

माणसाला लागतो तसा माशालाही प्राणवायू लागतो. तो कल्ल्यांतून पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. थंड पाण्यात हा वायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. फरक दिसायला लहान आहे. पण माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी तापलं की त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी असतो. आवक घटली आणि खर्च वाढला, अशी गत.

रोहू, कटला, मृगळ हे तसे उष्ण पाण्याचेच मासे. नुसत्या उन्हाने ते हैराण होत नाहीत. मत्स्यशेतीत त्यांच्यासाठी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असावा असं धरतात. तो तीनच्या खाली गेला की मासा चारा सोडतो आणि आणखी खाली गेला की पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. वाहत्या नदीत अशी वेळ सहसा येत नाही. पण मे महिन्यातली भीमा वाहती कुठे असते? कलबुर्गी जिल्ह्यात पारा ४० च्या पुढे गेला की नदी म्हणजे बॅरेजमागे साठलेलं पाणी आणि मधे मधे उरलेले डोह. आळंद तालुक्यातून येणारी अमरजा तर संगमाशी नावापुरतीच उरते.

पहाट नेहमीच चांगली नसते

‘उन्हाळ्यात पहाटे जा’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला. तो अर्धा बरोबर आहे, आणि बरेच जण फसतात ते उरलेल्या अर्ध्यात.

शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. त्यामुळे हिरव्यागार, साचलेल्या पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नेमका सूर्योदयाच्या सुमारास. अशा डोहावर पहाटे पाचला गळ टाकून बसलात तर मासा समोर दिसेल, वर येऊन तोंड मारेल, पण आमिषाला शिवणार नाही. तो भुकेने वर आलेला नसतो, श्वासासाठी आलेला असतो. इथे सूर्य वर येऊन तास-दोन तास झाल्यावर बसावं, किंवा सरळ संध्याकाळी. संध्याकाळी पाणी कोमट असतं, पण दिवसभरात प्राणवायू भरलेला असतो.

उलट पाणी थोडं का होईना वाहतं असेल, रंग फार हिरवा नसेल, तर पहाट उत्तम. रात्रभरात पाणी निवलेलं असतं आणि काठ शांत असतो. म्हणजे घड्याळ बघण्याआधी पाण्याचा रंग बघायचा. ओंजळीत पाणी घेतलं आणि ते हिरवट दिसलं तर पहाटेचा गजर लावू नका.

दुपारी ११ ते ४ काठावर बसण्यात अर्थ नाही. मासाही लागत नाही आणि माणसाला ऊन लागतं, ते वेगळंच.

जागा कुठली धरायची

जिथे पाणी हलतं तिथे प्राणवायू मिसळतो. खडकावरून पडणारी बारीक धार, ओढ्याचं तोंड, मोटारीच्या पाइपातून गळून नदीत परत पडणारं पाणी, असल्या जागा हेराव्यात. वारा सुटला असेल तर तो ज्या काठावर येऊन आदळतो त्या काठाला बसावं. लाटा तिथे हवा मिसळवतात आणि तरंगता चाराही त्याच बाजूला गोळा होतो. आपल्या तोंडावर वारा येतो, गळ लांब जात नाही, म्हणून बहुतेक जण नेमकं उलट बाजूला बसतात. लांब टाकायची गरजच नसते, मासा काठाजवळ आलेला असतो.

काठावर वाकलेली बाभूळ, पुलाच्या खांबाची सावली, जलपर्णीची कड याही चांगल्या जागा. जलपर्णीच्या दाट थराखाली मात्र प्राणवायू कमी असतो, म्हणून कडेला टाका, मधे नको.

बॅरेजच्या दारांखाली फेसाळ पाण्यात मासा जमतो, हे खरं. पण तिथे उतरू नका. दार कधी उघडेल याचा भरवसा नसतो. तसंच भीमेत वाळू उपसल्याने पात्रात खड्डे पडलेले आहेत. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकतं. पोहता येणाऱ्यांनीही काठ सोडू नये.

संगमाच्या घाटावर आणि स्नानाच्या जागी तर गळ टाकूच नये. तिथे लोक डोळे मिटून बुडी मारतात, लहान मुलं पाण्यात असतात, तुटलेला गळ कुणाच्याही पायात जाईल. शिवाय ती श्रद्धेची जागा आहे. नदी लांब आहे, थोडं चालून पुढे जायला काय हरकत आहे?

वरून पाणी आलं की

भीमाशंकरला उगम पावलेली भीमा इथे येते ती उजनी धरण ओलांडून. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते औज बंधाऱ्याशी अडवतात. त्याच्या पुढे कर्नाटकात किती येतं, हा दर उन्हाळ्याचा वाद. अफझलपूर भागातून ‘भीमेत पाणी सोडा’ ही मागणी उठतेच. तो विषय पिण्याच्या पाण्याचा आणि उसाचा आहे, माशाचं नाव त्यात कुणी घेत नाही. पण वरून किंवा सोन्न बॅरेजमधून पाणी सुटलं की सगळ्यात आधी कळतं ते माशाला.

पाणी वाढतं तेव्हा कोरडा काठ भिजतो. मातीतले किडे, गांडुळं पाण्यात येतात, मासा कडेला येतो. उन्हाळ्यातले गळाचे चांगले दिवस बहुतेक करून हेच. पहिल्या गढूळ लोंढ्यात थांबावं, पाणी जरा निवळायला लागलं की जावं. म्हणून मासे धरणाऱ्याने पंचांगापेक्षा पाणी सोडल्याच्या बातम्या वाचाव्यात. आणि वाळूच्या बेटावर बसला असाल तर पाणी वाढताना दिसल्यावर सामान आवरत बसू नका, आधी काठ गाठा.

बीदरकडच्या कारंजा धरणावर किंवा गावतळ्यांवर हा प्रकार नाही. तिथे साचलेल्या पाण्याचाच हिशेब लावायचा.

रोहूचा हट्ट सोडा

काही मासे उन्हाळ्यातही खातात. त्यात पहिली मरळ. तिला कल्ल्यांबरोबर थेट हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी ती वर येते, एक घोट हवा घेते आणि खाली जाते. शांत पाण्यावर असा घोट दिसला की जागा लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ती जवळपासच पुन्हा वर येते. व्हिडिओतल्या बासची जागा आपल्याकडे हिचीच. गवताच्या कडेने रबरी बेडूक सावकाश ओढला की झडप घालते. उन्हात ओढ मंद ठेवावी, मधे मधे थांबावं. जिवंत बेडूक गळाला टोचायची जुनी पद्धत आहे, ती नको. रबरी पुरतो.

दुसरी चिलापी. उजनीच्या फुगवट्यात हिनेच बस्तान बसवलंय. मूळ आफ्रिकेची, ऊन आणि कमी प्राणवायू दोन्ही सोसते. बारीक गळ, गांडुळाचा छोटा तुकडा, कंबरभर पाणी, एवढं पुरे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्या काळात ती खात नाही, त्यामुळे अधूनमधून चिलापीही शांत होते. बाहेरून आलेल्या या माशाने नदीतल्या मूळ माशांची जागा खाल्ली आहे, तेव्हा चिलापी धरताना संकोच नको.

रोहू-मृगळच हवा असेल तर आमिष लहान करा. सुपारीएवढा कणकेचा गोळा नको, वाटाण्याएवढा पुरे. शेंगदाण्याची पेंड आणि ज्वारीचं पीठ मिसळून केलेला गोळा चालतो. पण मासा जमावा म्हणून किलोभर पेंड डोहात ओतायची सवय उन्हाळ्यात अंगाशी येते. न खाल्लेली पेंड कुजते, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू तीच खाते. आपणच आपल्या जागेचं नुकसान करतो.

डोहातलं भांडवल

आता मूळ मुद्दा. पाणी आटतं तसे लांबवरचे मासे चार डोहांत गोळा होतात. यातलेच काही पावसाळ्यात नवं पाणी आल्यावर प्रवाहाच्या उलट चढून अंडी घालतात. मे महिन्यात डोहात उरलेला मोठा मासा हा पुढच्या वर्षीचं भांडवल आहे. व्याज खावं, मुद्दल नाही, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नदीकाठी राहणाऱ्या कोळी-कब्बलिग कुटुंबांना ते न शिकवता कळतं, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. हौशी माणूस रिकाम्या हाताने घरी गेला तर भाजी खातो. त्यांना उन्हाळा म्हणजे उधारीचे दिवस.

गळाने डोह रिकामा होत नाही, हे मान्य. रिकामा होतो तो मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्याने, ब्लीचिंग पावडरने, जिलेटिनने, तारेवर आकडा टाकून सोडलेल्या विजेने. मासा एका जागी कोंडलेला असतो म्हणून हे प्रकार उन्हाळ्यातच वाढतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. मूळ कायद्यात त्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. तेव्हाचे २०० रुपये म्हणजे किती, याचा विचार करा. कर्नाटकात १९९६ चा स्वतंत्र अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदाही आहे. विजेने तर मासे मारणाराच मरतो.

गळवाल्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ. मे अखेरीस पोट फुगलेली, अंड्यांनी भरलेली मादी लागली तर सोडून द्यावी. सोडताना हात ओले करावेत, तापलेल्या दगडावर किंवा वाळूवर मासा ठेवू नये. त्याचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो. दुसरं, पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा झुबका हलताना दिसला तर त्याखाली मरळीचं जोडपं राखण करत असतं. त्या झुबक्यावर बेडूक टाकला की राखणदार हमखास झडप घालतो. सोपी शिकार आहे, म्हणूनच ती करू नये. राखण गेली की सगळा झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

मृगाच्या तोंडावर मरळीला मागणी वाढते, हेही ध्यानात घ्या. तेलुगूत कोर्रमीनू म्हणतात ती हीच, तेलंगणाचा राज्यमासा. हैदराबादला मृग नक्षत्र लागताना बत्तिनी कुटुंब दम्यावर म्हणून मरळीच्या लहान पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतं, लोक लांबलांबून जातात. त्या औषधाला वैद्यकीय पुरावा नाही. पण त्या दिवशी मासा खायचा ही तेलंगणातली रीत पक्की आहे, आणि बाजार तापला की पिल्लं राखणाऱ्या मरळीचाही नंबर लागतो.

जाण्याआधी

तलाव आणि धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना किंवा ठेकेदाराला दिलेली असते. गळाला कुणी सहसा अडवत नाही, पण आधी विचारलेलं बरं. मत्स्य खात्याच्या तालुका कार्यालयात माहिती मिळते. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतात, सोलापूरकडची परवानगी इकडे चालत नाही.

ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतर किंवा वळवाच्या पहिल्या पावसानंतर सकाळी डोहात मासे उलटे तरंगताना दिसले तर ते गोळा करून खाऊ नका, विकू तर नकाच. प्राणवायू संपून मेले की कुणी विष टाकलं, हे बघून सांगता येत नाही.

धरलेला मासा या उन्हात दोन तासही टिकत नाही. आतडी तिथेच काढा, पण ती पाण्यात किंवा काठावर टाकू नका, पुरून टाका. बर्फाचा डबा सोबत हवाच. आणि गाणगापुरात मुक्कामाला असाल तर मासा खोलीवर नेऊ नका. यात्रेकरूंच्या बहुतेक निवासांत मांसाहार चालत नाही. मासे धरायचे असतील तर परतीच्या दिवशी धरा, आणि बर्फात घालून थेट घरी न्या.