बिंग क्रॉस्बीचे ध्वनिक्षेपण : अस्सल प्रत कोणती ?

जुन्या कागदांची परीक्षा करताना अस्सल कोणते, तालिक कोणती आणि मागाहून रचलेली बखर कोणती, हा विवेक आमच्या वाचकांना नव्याने शिकविण्याचे कारण नाही. कै. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याच्या पहिल्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली, तेव्हापासून तो येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु अलीकडे संग्राहकांच्या कपाटांत पोथ्या व रुमाल यांच्या शेजारी ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती आणि चित्रपटांचे डबे येऊन बसले आहेत. आणि त्यांच्यापुढे हाच विवेक ढिला पडताना आम्ही पाहतो. गाणाराचा आवाज कानी पडला म्हणजे साक्षात पुरावा हाती आला, असे समजण्याकडे मनाची ओढ असते. ही समजूत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील लोकप्रिय गवई बिंग क्रॉस्बी याची नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील कारकीर्द आम्ही प्रस्तुत लेखापुरती निवडली आहे. निवडीचे कारण असे की, नभोवाणीवरील गाणे हा हवेत विरून जाणारा उच्चार होता, तो जपून ठेवण्याजोगा लेख झाला, ही घटना या एका माणसाच्या कारकीर्दीतच घडली. आणि ती घडवून आणण्यात त्याचा स्वतःचा पैसा व स्वतःचा हट्ट यांचा भाग मोठा होता.

क्रॉस्बीचा जन्म ३ मे १९०३ रोजी वॉशिंग्टन संस्थानातील टकोमा येथे झाला. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदात त्रिकुटापैकी एक म्हणून नाव मिळविल्यावर १९३१ साली सी. बी. एस. या नभोवाणी-संस्थेने त्याला एकट्याचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम दिला. मोठ्या सभागृहाच्या टोकापर्यंत आवाज पोचविण्याची जुन्या गवयांची धडपड त्याला करावी लागली नाही. ध्वनिग्राहकाशी तोंड नेऊन, शेजारी बसलेल्याशी बोलावे तसा तो गाई. पहिल्या कार्यक्रमाचा दिवस ३१ ऑगस्ट हा ठरला होता. त्या दिवशी घसा बिघडल्यामुळे तो गाऊ शकला नाही आणि प्रत्यक्ष आरंभ २ सप्टेंबर १९३१ रोजी झाला. ही गोष्ट किरकोळ दिसते. परंतु छापील कार्यक्रमपत्रिकेवर विसंबून ध्वनिक्षेपणाच्या मित्या लावणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. पत्रिका म्हणजे काय करावयाचे योजिले होते याचा पुरावा. काय झाले याचा नव्हे. लग्नपत्रिकेवरून लग्न लागल्याचे सिद्ध होत नाही, तसेच हे.

पुढे १९३६ पासून १९४६ पर्यंत तो एन. बी. सी. वरील 'क्राफ्ट म्युझिक हॉल' या कार्यक्रमाचा मुख्य होता. या दशकात त्याची कीर्ती शिगेस पोचली, आणि याच दशकाचे अस्सल साहित्य सर्वांत विरळ आहे. दोन्ही मोठ्या संस्थांचा दंडक असा होता की, जे ऐकवावयाचे ते त्या घटकेस प्रत्यक्ष गायिलेले व बोललेले असले पाहिजे. तबकडीवरून वाजविलेले चालणार नाही. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर असल्याने अनेक कार्यक्रम एकाच रात्री दोनदा करावे लागत, एकदा पूर्वेसाठी व एकदा पश्चिमेसाठी. म्हणजे एकाच मितीची, एकाच नावाची दोन प्रयोगरूपे; आणि जपलेली एखादी तबकडी त्यांपैकी कोणत्या प्रयोगाची, हे ठरल्याशिवाय तिच्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. दंडकाचे उघड कारण ध्वनीचा दर्जा हे सांगितले जाई. आमच्या मते खरे कारण व्यापाराचे होते. मुद्रित तबकडी टपालाने कोणत्याही केंद्राकडे धाडता येते. मग शेकडो केंद्रे तारेने एकत्र गुंफणाऱ्या मोठ्या संस्थेची गरज ती काय उरते?

येथे क्रॉस्बीच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याची हकीकत सांगणे अवश्य आहे. कारण ध्वनिमुद्रिका जमविणारे पुष्कळजण तिथेच फसतात. अर्व्हिंग बर्लिन याने रचलेले 'व्हाइट ख्रिसमस' हे गीत क्रॉस्बीने २५ डिसेंबर १९४१ रोजी क्राफ्टच्या कार्यक्रमात प्रथम नभोवाणीवरून गायिले. डेक्का कंपनीसाठी त्याची ध्वनिमुद्रिका २९ मे १९४२ रोजी झाली. तबकडी छापण्याची रीत शिक्क्यासारखी असते. मूळ मुद्रणावरून धातूचा साचा काढतात, त्यावरून छापण्याचे ठसे करतात व ठशांनी तबकड्या दाबतात. ठसे झिजले की पुन्हा साच्याकडे जावे लागते. या गाण्याला मागणी इतकी आली की मूळ साचाच वापराने निकामी झाला. तेव्हा १८ मार्च १९४७ रोजी क्रॉस्बी, तोच वाद्यवृंदप्रमुख जॉन स्कॉट ट्रॉटर आणि तोच केन डार्बीचा गायकवृंद यांना पुन्हा एकत्र आणून, होता होईल तो हुबेहूब, ते गाणे पुन्हा मुद्रित करण्यात आले. आज सर्वत्र ऐकू येते ते बहुधा हे दुसरे मुद्रण. म्हणजे ही तालिकच; परंतु मूळ लेखकाने स्वहस्ते, मूळ पत्र फाटल्यावर, पाच वर्षांनी उतरून दिलेली तालिक. हिला खोटी म्हणता येत नाही आणि १९४२ ची म्हणूनही चालविता येत नाही. दुसऱ्या मुद्रणाच्या आरंभी बासऱ्या व चेलेस्टा या वाद्यांची भर आहे, ती कानाने ओळखता येते. वेष्टनावरील साल पाहून प्रत ठरवू नये. तबकडीच्या आतल्या कोऱ्या कड्यात कोरलेला साचाक्रमांक पाहावा. कागदावरील मायन्यापेक्षा शिक्का-मोर्तब पाहण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगी पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आठवड्याच्या ठरल्या घटकेस हजर राहण्याचे बंधन क्रॉस्बीला जाचू लागले होते. गोल्फ, घोडी आणि सवड यांची त्याला आवड होती, हे खरे. परंतु चुकलेले पुन्हा गाता यावे, रुचेल ते ठेवता यावे, हीही त्याची इच्छा होती. कार्यक्रम आधी मुद्रित करून ठेवू द्या, ही मागणी एन. बी. सी. ने नाकारली. १९४५ च्या शरदऋतूत तो क्राफ्टच्या कार्यक्रमास परतलाच नाही. अखेर तडजोड होऊन १९४६ च्या आरंभी काही महिने त्याने राहिलेले काम पुरे केले आणि नंतर ए. बी. सी. या नव्याने उभ्या राहिलेल्या संस्थेशी संधान बांधले. या संस्थेला श्रोते हवे होते; तिने दंडक मोडण्यास मान्यता दिली. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी 'फिल्को रेडिओ टाइम' हा पूर्वमुद्रित कार्यक्रम सुरू झाला.

पहिल्या वर्षी मुद्रण होई ते १६ इंची तबकड्यांवर. मऊ लेप दिलेल्या या तबकड्या मिनिटास ३३⅓ फेरे घेत व एका बाजूस सुमारे पंधरा मिनिटे मावत. तबकडी कापून सांधता येत नाही. एक वाक्य गाळावयाचे झाले तरी एका तबकडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरून घ्यावे लागे, आणि दर उताऱ्यागणिक खरखर वाढे व स्वर मंदावे. लेखकाकडून लेखकाकडे जाताना पोथीत अशुद्धे साचतात, तशीच ही अशुद्धे. फरक इतकाच की पोथीला ज्यासाठी दोन शतके लागत ते येथे एका दुपारी होई. श्रोत्यांना हा फरक कळला, आणि श्रोतृसंख्या घसरू लागली.

तोड निघाली ती जर्मनीतून. ए. ई. जी. या कंपनीने बनविलेले व १९३५ साली बर्लिन येथे लोकांपुढे मांडलेले मॅग्नेटोफोन हे यंत्र लोहकणांचा लेप दिलेल्या फितीवर ध्वनी उमटवीत असे. युद्धकाळात त्यात इतकी सुधारणा झाली की मुद्रित गाणे व प्रत्यक्ष गाणे यांतील भेद कानाला कळेनासा झाला. अमेरिकन सैन्याच्या संदेशविभागातील जॉन मलिन हा १९४५ साली फ्रांकफुर्टजवळ बाद नाउहाइम येथील नभोवाणीगृहात पोचला, तेव्हा ही यंत्रे त्याच्या दृष्टीस पडली. त्याने दोन यंत्रे सुटी करून भागाभागाने टपालाने घरी धाडली. सोबत फितीची ५० रिळे. १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने ती तज्ज्ञांना दाखविली, आणि १९४७ च्या उन्हाळ्यात क्रॉस्बीच्या माणसांनी ती ऐकली. १ ऑक्टोबर १९४७ रोजी फितीवर मुद्रित केलेला क्रॉस्बीचा पहिला कार्यक्रम ध्वनिक्षेपित झाला. फितीवर अजून पुरता भरवसा नसल्याने आरंभी फितीवर तयार केलेला कार्यक्रम पुन्हा तबकडीवर उतरून मगच ऐकवीत. तेव्हा त्या काळच्या कार्यक्रमाची तबकडी हाती आली तर ती अस्सल नव्हे, तालिक होय, हे संग्राहकांनी नोंदवून ठेवावे. याच सुमारास क्रॉस्बीने अँपेक्स या लहानशा कंपनीस ५० हजार डॉलर दिले व तिच्या यंत्रांची पहिली मोठी मागणी नोंदविली. ती यंत्रे १९४८ साली तयार होऊन आली.

फितीचा गुण असा की ती कात्रीने कापता येते आणि चिकटपट्टीने सांधता येते. एका खेपेचे कडवे व दुसऱ्या खेपेचे कडवे जोडता येऊ लागले. फसलेला विनोद गाळता येऊ लागला. मलिनने पुढे सांगितलेली एक आठवण येथे उल्लेखनीय आहे. बॉब बर्न्स नामक विनोदी नटाने एका मुद्रणाच्या वेळी काही ग्राम्य गोष्टी सांगितल्या. सभागृह हसून हसून लोटपोट झाले. गोष्टी ध्वनिक्षेपणास योग्य नसल्याने कापून टाकल्या. हसणे मात्र जपून ठेवले. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका कार्यक्रमातील विनोद फिके ठरले, तेव्हा तेच हसणे तेथे सांधण्यात आले. याहून शुद्ध क्षेपकाचे उदाहरण पोथ्यांतही सापडणे कठीण ! शब्द खरे, हसणे खरे. एका ठिकाणी आले एवढेच खोटे. आणि सांधा इतका बेमालूम की शाईचा रंग वा अक्षराचे वळण पाहून क्षेपक पकडण्याचा आपला उपाय तेथे चालत नाही.

म्हणून आमचे मत असे. १९४६ पूर्वीच्या कार्यक्रमाची एखादी मोडकी, खरखरीत तबकडी मिळाली, तर त्या रात्री सभागृहात काय घडले याविषयी तिची साक्ष ग्राह्य धरावी. १९४७ नंतरची स्वच्छ, सुंदर फीत त्या कामी ग्राह्य धरू नये. श्रोत्यांनी घरोघर काय ऐकले, याविषयी मात्र तिच्याइतका उत्तम पुरावा नाही. प्रतीच्या स्वच्छतेवरून प्रामाण्य ठरविण्याचा मोह पोथ्यांच्या बाबतीत आपण केव्हाच टाकला आहे. यावर कोणी म्हणेल, मग क्रॉस्बीच्या संपादनाने इतिहासाची हानीच झाली. तसे आम्हास वाटत नाही. फीत आली नसती तर संपादित वा असंपादित, कोणतीच प्रत एवढ्या संख्येने उरली नसती.

दूरचित्रवाणीकडे वळण्यास क्रॉस्बीने घाई केली नाही. त्याचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ३ जानेवारी १९५४ रोजी झाला. गंमत अशी की तो पडद्यावर येण्यापूर्वीच त्याची कंपनी चित्र फितीवर उमटविण्याच्या खटपटीस लागली होती. ११ नोव्हेंबर १९५१ रोजी मलिन व वेन जॉन्सन यांनी तिच्यातर्फे तसे चित्र दाखविले. ते अंधुक होते. यश अँपेक्सला १९५६ साली आले: दोन इंच रुंद फीत आणि तिच्यावरून आडवे फिरणारे मुद्रणशीर्ष ही त्यातील युक्ती. १३ ऑक्टोबर १९५७ रोजी क्रॉस्बीने सिनात्रा, रोझमेरी क्लूनी व लुई आर्मस्ट्राँग यांच्यासह 'एड्सेल शो' केला, तो पूर्वेकडील लोकांनी प्रत्यक्ष पाहिला व पश्चिमेकडील लोकांनी फितीवरून.

तोवर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम जपण्याचा नित्याचा मार्ग एकच होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चलच्चित्राचा कॅमेरा ठेवून पडद्याचेच चित्र घ्यावयाचे. याला कायनेस्कोप म्हणत. चित्र करडे व मऊ येई, आणि काम झाले की पुष्कळदा संस्था स्वतःच अशी चित्रे टाकून देत. पुढे फिती आल्या त्या महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरीत. दप्तरे रद्दीच्या भावाने विकल्याच्या कथा ऐकून हळहळणाऱ्या वाचकांस याचे नवल वाटू नये.

या संदर्भात एक शोध सांगण्यासारखा आहे. क्रॉस्बी हा पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या मालकांपैकी एक होता. १९६० साली त्याचा संघ न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध अंतिम मालिकेत पोचला. सामना आपण पाहिला तर संघ हरेल, अशी धास्ती घेऊन हा गृहस्थ पॅरिसला निघून गेला. जाण्यापूर्वी त्याने सातव्या सामन्याचे दूरचित्रवाणीवरील दृश्य कायनेस्कोप करून ठेवण्याची व्यवस्था लावली होती. १३ ऑक्टोबर १९६० रोजी बिल मॅझरॉस्कीच्या अखेरच्या फटक्याने पिट्सबर्गने १० विरुद्ध ९ असा विजय मिळविला. परत आल्यावर क्रॉस्बीने ते चित्र पाहिले आणि डबे घरातील मद्याच्या तळघरात ठेवून दिले. तो १४ ऑक्टोबर १९७७ रोजी निवर्तला. २००९ सालच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळील त्या घरी त्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या प्रती शोधीत असता ते डबे सापडले: १६ मिलिमीटर रुंदीच्या चित्रपटाची पाच रिळे, सामना आरंभापासून शेवटपर्यंत. ज्या संस्थेने तो सामना दाखविला तिच्यापाशी प्रत नव्हती. अन्यत्रही संपूर्ण प्रत आढळली नव्हती. तळघराची थंडी व कोरडी हवा यांमुळे चित्र उत्तम राहिले होते. १५ डिसेंबर २०१० रोजी ते पुन्हा दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले, पन्नास वर्षांनी. मोठ्या संस्थेच्या दप्तरात नसलेली वस्तू एका घराण्याच्या तळघरात, भलत्याच वस्तूच्या शोधात मिळाली, हे वाचून आमच्या काही संशोधक मित्रांना आपापल्या गावच्या वाड्यांतील माळे आठवले असतील.